विंचवाचं बिऱ्हाड : सॅक्रामेंटो किंग्जचे खेळाडू, रेकॉर्ड आणि एकुलती एक ट्रॉफी

बिऱ्हाडकरू

मंडळी, इथे क्रिकेटच्या धाग्याला दोन दिवसांत दोनशे प्रतिसाद पडतात, बास्केटबॉलचा शोधला तर शेवटचा चार वर्षांपूर्वीचा, त्यातही अर्धे लोक बुटांबद्दल बोलतायत. म्हणून म्हटलं आपणच काढू. मी कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोजवळ राहतो आणि किंग्जचा फॅन आहे. किंग्जचा फॅन ही काय चीज असते हे ज्यांना माहितीये ते इथपर्यंत वाचूनच हसले असतील. बाकीच्यांसाठी एकच आकडा: २००६-०७ पासून २०२१-२२ पर्यंत सलग १६ सीझन टीम प्लेऑफला (सीझननंतरच्या बाद फेरीला) गेली नाही, एनबीएच्या (अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या) इतिहासात एवढा लांब दुष्काळ दुसऱ्या कुठल्याच टीमचा नाही. माझी मुलगी तेवढ्या काळात पाळण्यातून कॉलेजच्या दारापर्यंत आली.

तर झालं असं की परवा ऑफिसात एकजण म्हणाला, तुमच्या टीमला इतिहास आहेच कुठे. डोकं सटकलं. रात्री जेवण झाल्यावर वही घेऊन बसलो आणि लिहीत गेलो, पहाटे दीडला बायको म्हणाली दिवा बंद कर. म्हणून उरलेलं इथे लिहितोय.

पहिलं म्हणजे ही टीम सॅक्रामेंटोची नाहीच मुळात. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. सुरुवात न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला, नाव रॉचेस्टर रॉयल्स. १९५७ ला सिनसिनाटी. १९७२ ला कॅन्सस सिटी, तिथे आधीच बेसबॉलवाले रॉयल्स होते म्हणून नाव बदलून किंग्ज केलं, आणि काही वर्षं तर घरच्या काही मॅच ओमाहाला खेळायचे म्हणून नाव कॅन्सस सिटी-ओमाहा किंग्ज, लग्नानंतर दोन्ही आडनावं लावतात तसं. १९८५ ला सॅक्रामेंटो. २०१३ ला इथूनही सिएटलला निघालेच होते, सामान बांधून झालं होतं, पण लीगच्या मालकांनी २२-८ मतांनी नको म्हटलं आणि टीम राहिली.

ट्रॉफी एकच, १९५१ ची, रॉचेस्टरला असताना. सात मॅचच्या फायनलमध्ये न्यूयॉर्क निक्सविरुद्ध ३-० पुढे, मग तीन सलग हरले (बघा, सवय तेव्हापासूनची), शेवटी सातवी ७९-७५ ने जिंकले. बॉब डेव्हिस, आर्नी रायसन, बॉबी वॉन्झर ही त्या टीममधली मोठी माणसं. त्यानंतर आजपर्यंत टीम फायनललासुद्धा गेलेली नाही.

त्याच सीझनमधला दुसरा रेकॉर्ड मला जास्त आवडतो. ६ जानेवारी १९५१, रॉचेस्टरमध्ये इंडियानापोलिस ऑलिंपियन्सबरोबर मॅच, ती सहा ओव्हरटाइम चालली, आजही एनबीएची सगळ्यात लांब मॅच तीच. आता तुम्ही म्हणाल सहा ओव्हरटाइम म्हणजे दोनशे पॉइंट झाले असतील. स्कोअर ७५-७३. हरले अर्थात. तेव्हा २४ सेकंदांचं घड्याळ नव्हतं (ते १९५४ ला आलं), त्यामुळे ओव्हरटाइमला बॉल ज्याच्या हातात तो शेवटच्या शॉटसाठी धरून बसायचा, दुसरे बघत उभे. ७८ मिनिटांचा खेळ, त्यात ७३ पॉइंट. बँकेत पासबुक भरायच्या रांगेत याच्यापेक्षा जास्त हालचाल असते.

पुढचं ऑस्कर, आर्चिबाल्ड, वेबर वगैरे लिहितोच, तोवर तुम्ही सुरू करा.

कोकणी_मेवा

मला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही पण लिहिलंय मस्त, वाचतेय. ते ट्रिपल डबल ट्रिपल डबल करतात ते काय असतं एकदा कुणीतरी सांगा, भाच्यासमोर दरवेळी मान डोलावते नुसती.

आकडेमोड

मेवाताई, सोप्पंय. पॉइंट, रिबाउंड (हुकलेला बॉल पकडणं), असिस्ट (ज्याच्यावर दुसऱ्याने बास्केट केलं तो पास), स्टील आणि ब्लॉक असे पाच रकाने धरा. एका मॅचमध्ये यातल्या तीन रकान्यांत दोन आकडी संख्या आली की झालं ट्रिपल डबल. क्रिकेटमध्ये एकाने शतक मारावं, पाच विकेट घ्याव्यात आणि वर चार कॅच, साधारण त्या जातीचं.

आणि धागाकर्त्याच्या आधी मीच लिहून टाकतो कारण हा माझा आवडता विषय. ऑस्कर रॉबर्टसन, सिनसिनाटी रॉयल्स, १९६१-६२. अख्ख्या सीझनची सरासरी ३०.८ पॉइंट, १२.५ रिबाउंड, ११.४ असिस्ट. एखादी मॅच नव्हे हो, पूर्ण वर्षाची सरासरीच ट्रिपल डबल. त्यानंतर ५५ वर्षं कुणाला जमलं नाही, थेट २०१६-१७ ला रसेल वेस्टब्रुकने केलं. करिअरमध्ये ऑस्करचे १८१ ट्रिपल डबल, तो आकडा २०२१ पर्यंत टिकला. आणि तेव्हा असिस्ट मोजायचे हात आखडून, आजच्यासारखी खिरापत नव्हती.

फ्रँचायझीच्या यादीत आजही सगळ्यात वर तोच, २२,००९ पॉइंट आणि ७,७३१ असिस्ट, दोन्हीकडे. दहा सीझन खेळला तो इथे, १९६० ते ७०. मग कोच म्हणून बॉब कूझी आला आणि ऑस्करला मिलवॉकीला पाठवलं. पुढच्याच वर्षी, १९७१ ला, मिलवॉकी चॅम्पियन.

बिऱ्हाडकरू

हे शेवटचं वाक्य किंग्जच्या इतिहासात दर दहा वर्षांनी येतं, पाठ करून ठेवा. इथून गेला आणि तिकडे जिंकला.

जुना_लेकर

लेख वाचला. बरंय. पण एक शंका. रॉचेस्टरची ट्रॉफी, सिनसिनाटीचा ऑस्कर, आणि फॅन तुम्ही सॅक्रामेंटोचे. ऑस्कर रॉबर्टसन सॅक्रामेंटोसाठी एक मिनिट तरी खेळला का? शेजाऱ्याच्या आजोबांचं स्वातंत्र्यसैनिक पेन्शन आपल्या नावावर दाखवण्यातला प्रकार आहे हा. १९८५ पासून धरा, मग तुमच्याकडे काय उरतं ते सांगा.

नागपाडा_पॉइंटगार्ड

आले का काका. वाटच बघत होतो.

लेकर्सच्या १७ ट्रॉफ्या म्हणता ना छाती फुगवून, त्यातल्या पाच मिनियापोलिसच्या आहेत, १९६० ला टीम एलएला (लॉस एंजेलिसला) यायच्या आधीच्या. त्या सोडून १२ म्हणायला तयार असाल तर आम्हीही १९५१ सोडतो. बोला.

आणि मिनियापोलिसने १९४९, ५०, ५२, ५३, ५४ जिंकली, मधलं ५१ कुठे गेलं? रॉचेस्टरने डिव्हिजन फायनलमध्ये ३-१ ने घरी पाठवलं होतं तुम्हाला. जॉर्ज मायकनचा पाय दुखावला होता हे मान्य, पण ते आमचं दुखणं नाही.

जुना_लेकर

हाहाहा. बरं बरं. ५१ तुमची. पण एकच.

सायली_फ्रीथ्रो

रेकॉर्डांच्या गर्दीत मॉरिस स्टोक्सचं नाव राहू नये म्हणून लिहिते. थोडं मोठं होईल.

स्टोक्स १९५५ ला रॉचेस्टरकडे आला, पहिल्याच वर्षी रुकी ऑफ द इयर (नव्या खेळाडूंमध्ये सर्वोत्तम), मॅचला सोळाच्या वर रिबाउंड. सहा फूट सात इंच धिप्पाड माणूस, पण पास द्यायचा गार्डसारखा. त्याच वर्षी जॅक ट्वायमन टीममध्ये आला, दोघंही पिट्सबर्गच्या आसपासचे, एक काळा एक गोरा, आणि तेव्हाची अमेरिका कशी होती ते वेगळं सांगायला नको. काही जिवलग मित्र वगैरे नव्हते दोघं, एका टीममधले सहकारी, बास.

१२ मार्च १९५८, मिनियापोलिसला सीझनची शेवटची मॅच. बास्केटकडे जाताना स्टोक्स पडला, डोकं जमिनीवर आपटलं, शुद्ध हरपली. नाकाशी वास देऊन उठवला आणि, हे वाचताना दरवेळी माझ्या अंगावर काटा येतो, परत खेळायला पाठवला. तीन दिवसांनी डेट्रॉइटला प्लेऑफची मॅचही खेळला. परतीच्या विमानात झटके आले, आणि मग ते शरीर कधी उठलंच नाही. मेंदूला मार बसला होता. जाणीव पूर्ण होती पण हात, पाय, बोलणं काहीच हातात नाही. वय २४.

टीम त्याच वेळी विकली जात होती, पगार थांबला, हॉस्पिटलचं बिल कोण भरणार कुणालाच पत्ता नाही, घरचे लांब. तेव्हा ट्वायमन कोर्टात जाऊन त्याचा कायदेशीर पालक झाला. २३ वर्षांचा पोरगा हो, स्वतःचा संसार नुकता सुरू झालेला. सरकारकडून कामगार भरपाई मिळवून दिली, दर उन्हाळ्यात न्यूयॉर्कजवळ कॅटस्किल्सला मदतीसाठी मॅच भरवली, विल्ट चेंबरलेनसारखी माणसं तिथे येऊन फुकट खेळायची. बारा वर्षं. स्टोक्स १९७० ला गेला. २००४ ला हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव आलं तेव्हा स्टेजवर त्याच्या वतीने ट्वायमनच उभा होता.

आता रेकॉर्डच हवा असेल तर घ्या: हाच ट्वायमन १९५९-६० ला ३१.२ च्या सरासरीने खेळला, एनबीएत तीसच्या वर सरासरी नेणारे पहिले दोघं त्या वर्षीचे, एक विल्ट आणि दुसरा हा. एका मॅचमध्ये ५९ मारले, तो टीमचा रेकॉर्ड जवळजवळ ६५ वर्षं टिकला. लीगमध्ये २०१३ पासून उत्तम सहकाऱ्याला जे अवॉर्ड देतात त्याला या दोघांचंच नाव आहे, ट्वायमन-स्टोक्स.

कोकणी_मेवा

सायली, आता डोळे पुसतेय बाई. ऑफिसात बसलेय मी.

आकडेमोड

सायलीनंतर आकडे लिहायला कसंतरी वाटतंय पण जेरी ल्यूकस राहायला नको. २९ फेब्रुवारी १९६४, एका मॅचमध्ये ४० रिबाउंड. एनबीएच्या आख्ख्या इतिहासात ४० चा टप्पा गाठणारे चौघंच: चेंबरलेन, बिल रसेल, नेट थर्मंड आणि हा. तारीखही अशी की वर्धापनदिन चार वर्षांतून एकदा येतो. फ्रँचायझीचे एकूण रिबाउंड मात्र ल्यूकसचे नाही, सॅम लेसीचे जास्त, ९,३५३. लेसीची आठवण कोण काढतं? सिनसिनाटीतून कॅन्सस सिटीला टीमबरोबर गेला, वर्षानुवर्षं मुकाट खेळत राहिला. ४४ नंबर रिटायर केलाय त्याचा (म्हणजे तो आता दुसऱ्या कुणाला देत नाहीत), बास तेवढंच.

नागपाडा_पॉइंटगार्ड

आता माझा नंबर. टायनी आर्चिबाल्ड!!

आम्ही नागपाड्याला मस्तान वायएमसीएच्या कोर्टवर खेळायचो तेव्हा माझी उंची सगळ्यात कमी, सिनियर पोरं म्हणायची तू फक्त पाणी आण. तेव्हा एका कोचने सांगितलं होतं की अमेरिकेत टायनी नावाचा एक होता, त्यांच्या मानाने बुटका, सहा फूट एक इंच (आपल्याकडे तो सेंटर खेळला असता), आणि त्याने लीगमध्ये सगळ्यांना नाचवलं. तेव्हा वाटलं हा मला बरं वाटावं म्हणून थापा मारतोय. मग इंटरनेट आल्यावर बघितलं तर खरंच. १९७२-७३, कॅन्सस सिटी-ओमाहा, ३४.० पॉइंट आणि ११.४ असिस्ट, आणि सरासरीत दोन्हीकडे लीगमध्ये पहिला. एकाच सीझनमध्ये दोन्ही सरासऱ्यांत पहिला येणारा दुसरा कुणी नाही. म्हणजे सगळ्यात जास्त मारतो पण तोच आणि सगळ्यात जास्त वाढतो पण तोच, आपल्या पंक्तीत जेवायला बसून वर आग्रह करत फिरणारा यजमान असतो ना तसा.

आणि टीमचं काय झालं त्या वर्षी? ३६-४६. प्लेऑफ नाही.

बिऱ्हाडकरू

आणि १९८१ ला बोस्टनकडून चॅम्पियन झाला टायनी. म्हटलं ना वाक्य पाठ करा.

अवांतर, कॅन्सस सिटीला असताना १९७९ च्या जूनमध्ये वादळात स्टेडियमचं छत कोसळलं, केम्पर अरेनाचं. आत कुणी नव्हतं तेव्हा म्हणून बरं, पण पुढचा सीझन जुन्या म्युनिसिपल हॉलमध्ये काढावा लागला. ज्याच्या डोक्यावरचं छप्परसुद्धा टिकत नाही अशी टीम आहे ही.

रोझव्हिलकर

मी इथे १९८९ पासून आहे, आमच्या ग्रुपात सगळ्यात जुना किंग्जवाला मीच. लोकांना २००२ आठवतं, मला १९९०-९१ आठवतं. परगावच्या ४१ मॅच, त्यातल्या ४० हरले. १-४०. हा पण रेकॉर्डच. आणि तरी अरेनात घरची प्रत्येक मॅच हाऊसफुल्ल, तिकीट मिळायचं नाही! शहरात दुसरी मोठी टीमच नव्हती ना कुठली. माझा एक पटेल मित्र म्हणायचा, एवढे पैसे देऊन हरताना काय बघायचं, घरी बसून फुकट बघ.

मग मिच रिचमंड आला, सहा-सात वर्षं एकटा ओढत होता बिचारा, दरवर्षी वीसच्या वर सरासरी. पण खरी मजा १९९८ ला. रिचमंड देऊन ख्रिस वेबर आणला, व्लादे डिवाच आला, ड्राफ्टमध्ये (टीम नवे खेळाडू निवडतात तिथे) जेसन विल्यम्स, युरोपातून पेजा स्टोयाकोविच, कोच रिक ॲडेलमन. एका उन्हाळ्यात टीमचं रूपच पालटलं. जेसन विल्यम्स बघायला भारी हो, पास कुठून कुठे जाईल त्याचा त्यालाच पत्ता नसायचा, कधी प्रेक्षकांत जायचा. वेबरने जानेवारी २००१ ला इंडियानाविरुद्ध ५१ पॉइंट आणि २६ रिबाउंड केले. त्याच उन्हाळ्यात विल्यम्सला देऊन माइक बिबी आणला आणि २००१-०२ ला ६१-२१. टीमचा आजवरचा सर्वोत्तम सीझन. आणि मग ती सिरीज. मी लिहीत नाही, बीपी वाढतं माझं.

जुना_लेकर

मी लिहू का रोझव्हिलकरांच्या वतीने? 😄

रोझव्हिलकर

तुम्ही तर नकोच.

बिऱ्हाडकरू

मी लिहितो, कारण याच्याशिवाय धागा पुरा होत नाही. वेस्टर्न कॉन्फरन्स फायनल २००२, किंग्ज विरुद्ध लेकर्स, शॅक (ओनील) आणि कोबी (ब्रायंट) यांचे लेकर्स. किंग्ज २-१ पुढे. चौथी मॅच एलएला, एका क्षणी २४ ने पुढे होतो. शेवटी दोनने पुढे, काही सेकंद, कोबीचा चुकला, शॅकचा चुकला, डिवाचने बॉल बास्केटपासून लांब थापटून दिला, आणि तो बॉल नेमका रॉबर्ट हॉरीच्या हातात, थ्रीच्या (तीन पॉइंटच्या शॉटच्या) रेषेमागे, मोकळा. बझर, १००-९९. डिवाचने मुद्दाम वाढून दिल्यासारखा. पाचवी बिबीने शेवटच्या शॉटवर काढली, ९२-९१. सहावी जिंकली की फायनल.

सहाव्या मॅचच्या चौथ्या क्वार्टरमध्ये लेकर्सना २७ फ्री थ्रो (समोरच्याच्या फाउलबद्दल मिळणारे मोकळे शॉट) मिळाले. एका क्वार्टरमध्ये. डिवाच आणि पोलार्ड दोघं फाउल आउट (फाउल जास्त झाले म्हणून बाहेर), बिबीच्या नाकावर कोबीचं कोपर बसलं त्याला शिट्टी नाही. १०६-१०२. २००८ ला एका माजी रेफ्रीने त्या सिरीजबद्दल कोर्टात आरोप केले, लीगने ते साफ नाकारले, आणि सॅक्रामेंटोतला प्रत्येक न्हावी, पोस्टमन, डेंटिस्ट तुम्हाला आजही ती मॅच फाउल बाय फाउल सांगेल. माझ्या डेंटिस्टने माझं तोंड उघडं असताना सांगितली, मी हो पण म्हणू शकत नव्हतो.

सायली_फ्रीथ्रो

सगळे सहाव्या मॅचबद्दल रडतात. सातवीबद्दल कुणी बोलत नाही. घरच्या कोर्टवर सातवी, ओव्हरटाइमला ११२-१०६ ने हरलो. त्या मॅचमध्ये आपण ३० फ्री थ्रो घेतले आणि १६ टाकले. चौदा हुकले! समोर कुणी अडवायला नाही, हात वर करून पंधरा फुटांवरून टाकायचा फक्त. थ्री २० पैकी २. पेजाचा शेवटचा मोकळा थ्री रिंगलासुद्धा लागला नाही. रेफ्री गेले खड्ड्यात, निम्मे जरी गेले असते त्या चौदातले तरी बॅनर टांगला असता. मी कॉलेजच्या मुलींना शिकवते तेव्हा हीच मॅच दाखवते, माझं हे आयडी-नाव त्यावरूनच आहे.

जुना_लेकर

सायलीताईंना साष्टांग. वीस वर्षांत हे मान्य करणारा किंग्जवाला पहिल्यांदा भेटला.

रोझव्हिलकर

ताई, बरोबर आहे तुमचं. पण २७ म्हणजे २७.

आकडेमोड

दुष्काळाच्या वर्षांतही फुटकळ पराक्रम झाले ते नोंदवून ठेवतो. डिसेंबर २००९, शिकागोत ३५ ने मागे पडून जिंकले. त्याच वर्षी टायरीक इव्हान्सने पहिल्या सीझनला किमान २० पॉइंट, ५ रिबाउंड, ५ असिस्ट ही सरासरी ठेवली, त्याच्याआधी हे ऑस्कर, जॉर्डन आणि लेब्रॉन या तिघांनीच केलं होतं. पुढे त्याच्या करिअरचं काय झालं ते सोडा. डीमार्कस कझिन्सने जानेवारी २०१६ ला शार्लटविरुद्ध ५६ मारले, डबल ओव्हरटाइममध्ये एका पॉइंटने हरले. आणि २०१८ च्या ड्राफ्टला दुसरा नंबर हातात असताना लुका डॉन्चिच सोडून मार्विन बॅगली घेतला, हा कुठल्या रकान्यात टाकायचा ते तुम्हीच ठरवा.

कोकणी_मेवा

एक विचारू? मालक मराठी आहे म्हणे ना यांचा? आमच्या व्हॉट्सॲपवर आलं होतं.

नागपाडा_पॉइंटगार्ड

विवेक रणदिवे. मुंबईत जन्मलेला, इथून एमआयटीला गेला, सॉफ्टवेअरमध्ये पैसा केला. २०१३ ला सिएटलवाल्यांच्या तोंडून टीम काढून घेतली, ५३.४ कोटी डॉलर किंमत धरून, तेव्हाचा विक्रमी भाव. म्हणजे टीम राहिली याचं श्रेय द्यावंच लागतं, पुढचे काही निर्णय बघून मात्र तिकडचे फॅन त्याला जे बोलतात ते मी मराठीत लिहू शकत नाही, आडनावाची लाज राखतो.

ऑक्टोबर २०१९ ला टीमला मुंबईत आणलं त्याने, वरळीच्या डोममध्ये, एनबीएच्या भारतातल्या पहिल्या मॅच. इंडियाना पेसर्सबरोबर दोन. पहिली शाळकरी पोरांसाठी होती, तीन हजार पोरं, ओव्हरटाइमला १३२-१३१. दुसरीचं तिकीट मी काढलं, किती घातले विचारू नका, घरी अजून खरा आकडा सांगितलेला नाही. १३०-१०६. दोन्ही हरले. तेरा हजार किलोमीटर उडून आले आणि हरूनच गेले. पण वॉर्मअपला मी कोर्टच्या इतका जवळ होतो की बुटांचा तो चीं चीं आवाज... मस्तान वायएमसीएच्या सिमेंटवर तो आवाज कधीच येत नाही, तिथे नुसतं खस खस. तेवढ्यासाठी पैसे वसूल.

आणि सिम भुल्लर विसरू नका. सात फूट पाच इंच, कॅनडातला पंजाबी पोरगा, एप्रिल २०१५ ला किंग्जकडून उतरला, भारतीय वंशाचा एनबीएतला पहिला खेळाडू. तीनच मॅच खेळला पण पहिला तो पहिला.

बिऱ्हाडकरू

आता चांगले दिवस पण लिहू देत की. २०२२-२३. माइक ब्राउन कोच, डीॲरन फॉक्स आणि डोमांटास सबोनिस. ४८-३४. घरी बाहेर कुठेही जिंकलं की अरेनाच्या छतावरून आकाशात जांभळा लेझर सोडायचे, लोक ओरडायचे लाइट द बीम. आमच्या गच्चीतून दिसायचा, मी रात्री कचरा टाकायला म्हणून बाहेर जायचो आणि बघून यायचो. त्याच फेब्रुवारीत क्लिपर्सना १७६-१७५ ने हरवलं, डबल ओव्हरटाइम, मलिक मंकचे ४५, एनबीएच्या इतिहासातली दुसऱ्या नंबरची जास्त पॉइंटची मॅच (पहिली १९८३ ची डेट्रॉइट-डेन्व्हर, १८६-१८४). सुरुवातीला सांगितलेली ती ७५-७३ आठवा आणि दोन्ही एकाच घराण्याच्या आहेत हे बघा.

प्लेऑफला पहिल्याच राउंडला वॉरियर्सशी सात मॅच, सातव्या मॅचला स्टेफ करीने आमच्याच घरात ५० मारले. सातव्या मॅचमध्ये तोवर कुणीच ५० मारले नव्हते. रेकॉर्ड झाला तोही दुसऱ्याचा.

फॉक्सच्या ६० ला मी प्रत्यक्ष हजर होतो. १५ नोव्हेंबर २०२४, शुक्रवार, मिनेसोटा. सायलीने म्हटलेला ट्वायमनचा ५९ चा रेकॉर्ड त्या रात्री मोडला. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, हातातल्या कागदावर प्रत्येक बास्केटला पेन्सिलने रेघ मारत बसलेले, आपण पाच-पाचचे गठ्ठे करतो तसे. शेवटी ते मोजत होते आणि मी बघत होतो, मॅच कोण जिंकतंय इकडे आमचं दोघांचंही लक्ष नव्हतं. ओव्हरटाइमला १३०-१२६ ने हरलो. साठ मारूनही बीम नाही. दुसऱ्या दिवशी त्यानेच युटाविरुद्ध ४९ मारले आणि तेव्हा पेटला. तीन महिन्यांत फॉक्स सॅन अँटोनिओला गेला. वाक्य पाठ आहे ना?

आकडेमोड

सबोनिसचं पण लिहा की, २०२३-२४ ला सलग ६१ डबल डबल (दोन रकान्यांत दोन आकडी), केव्हिन लव्हचा ५३ चा मोडला. आणि तीन वर्षं सलग रिबाउंडला लीगमध्ये पहिला. कीगन मरेने एका मॅचमध्ये १२ थ्री मारले डिसेंबर २०२३ ला, तो टीमचा रेकॉर्ड. थांबतो, नाहीतर माझंच चालू राहील.

सायली_फ्रीथ्रो

रिटायर केलेल्या नंबरांमध्ये माझा लाडका ६. तो कुठल्याच खेळाडूचा नाही, फॅन्सचा आहे, कोर्टवर पाच आणि सहावे आपण.

रोझव्हिलकर

त्या सहाव्याच्या घंटा होत्या ना! लेकर्सचा कोच फिल जॅक्सन सॅक्रामेंटोला गुराढोरांचं गावंढळ गाव म्हणाला, तर लोक खरोखरच्या गाईच्या घंटा घेऊन त्याच्या बाकामागे बसले. कान किटायचे. मी पण घेतली होती एक, चांगली दणकट पितळी. माझी आई तेव्हा सहा महिने इथे होती, तिला एका मॅचला नेलं, तिला खेळ कळला नाही पण घंटा पसंत पडली. म्हणाली एवढी चांगली वस्तू तुम्ही नुसती हलवत बसता. जाताना बॅगेत घालून साताऱ्याला घेऊन गेली आणि म्हशीच्या गळ्यात बांधली. पुतण्याने म्हशीचं नाव वेबर ठेवलं.

कोकणी_मेवा

😂😂😂 काका हे आधी सांगायचं सोडून रिबाउंड काय सांगत बसलात. आहे का म्हैस अजून?

रोझव्हिलकर

कुठली, कधीच विकली. घंटा तेवढी काढून ठेवलीये आईने, देवघराच्या फळीवर आहे.

आकडेमोड

मग बरोबरच केलं आईंनी. वेबरलाही २००५ ला फिलाडेल्फियाला विकला आणि ४ नंबर काढून वर टांगला.